पैठणीची मागची बाजू

वाचण्याआधी

घरात पैठणी असेल तर आईला, आजीला किंवा काकूला विचारून ती कपाटातून काढा आणि समोर ठेवा. (हात धुऊन. चहाचा कप लांब.) नसेल तरी हरकत नाही. पाठ वाचून घ्या आणि पुढच्या वेळी कुणाच्या लग्नाला गेलात की बघा. जाड वाटणाऱ्या शब्दांचे अर्थ शेवटी दिले आहेत, पण आधी संदर्भावरून अंदाज करून पाहा.

पाठ

मी झिंडेलफिंगेनला राहतो. श्टुटगार्टजवळचं हे छोटं शहर. तुमच्यापैकी काही जण इथलेच आहात. बाकीच्यांनी नाव ऐकलं असेल ते मर्सिडीजमुळे. इथे मधल्या भागात रस्ता ओलांडताना एकदा पायाखाली बघा. काही झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे रंगवलेले नाहीत, ते संगमरवराचे आहेत. इटलीतल्या कॅराराचा संगमरवर! आपल्याकडे संगमरवर देवळात असतो, इथे तो रस्त्यात. गाड्यांच्या कारखान्यामुळे एके काळी या शहराकडे भरपूर कर जमा व्हायचा, त्या दिवसांची ही खूण.

पण १९१५ साली डाइमलरचा कारखाना इथे आला, त्याआधी हे गाव श्रीमंत नव्हतं. ते विणकरांचं गाव होतं.

विणकर का? जुन्या व्युर्टेमबेर्गमध्ये वडिलांची जमीन सगळ्या मुलांमध्ये वाटायची पद्धत होती. ऐकायला छान वाटतं. पण दर पिढीला शेताचे तुकडे लहान होत गेले आणि तेवढ्या शेतीवर घर चालेना. मग लोकांनी घरात माग टाकले. शेतातली कामं संपली की मागावर बसायचं. म्हणजे कापड विणणं हा कुणाचा छंद नव्हता, ते पोट भरायचं दुसरं साधन होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे महाराष्ट्रात गेल्यावर लागणार आहे.

एकोणिसाव्या शतकात इथे जॅकार्ड माग आले. जोसेफ मारी जॅकार्ड हा फ्रान्समधल्या लिऑन शहराचा माणूस. त्याने १८०४ च्या सुमाराला मागावर बसवायचं एक यंत्र तयार केलं. त्यात पुठ्ठ्याची कार्डं असतात आणि कार्डांना भोकं. भोक असेल तर धागा वर उचलला जातो, नसेल तर खाली राहतो. नक्षी माणसाच्या डोक्यात नाही, कार्डांत साठवलेली. मी प्रोग्रामर आहे, त्यामुळे हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. हा तर सरळसरळ प्रोग्राम झाला! भोक म्हणजे एक, भोक नाही म्हणजे शून्य. आणि योगायोग बघा, भोकांच्या कार्डांवर हिशेब करणारी यंत्रं बनवणाऱ्या आयबीएमचा जर्मनीतला मोठा कारखाना पुढे याच झिंडेलफिंगेनमध्ये होता.

आज इथलं विणकाम कुठे आहे? संग्रहालयात. 'हाउस डेर हांडवेबराय' म्हणजे हातविणकामाचं घर. एका रविवारी मी मुलीला घेऊन गेलो होतो. तिने जुना माग बघितला, भोकांची कार्डं बघितली आणि विचारलं, "बाबा, हे विणणारी माणसं आता काय करतात?" मी म्हटलं, त्यांची नातवंडं-पतवंडं बहुतेक गाड्या बनवत असतील. ती म्हणाली, "मग साड्या विणणारी?"

तिला आजीची गोष्ट माहीत होती, म्हणून तिने विचारलं. ती गोष्ट तुम्हालाही सांगतो.

२०१९ च्या डिसेंबरात आम्ही सुट्टीला भारतात गेलो होतो. पुढच्या मे महिन्यात माझ्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. आईने एका मोठ्या दुकानातून स्वतःसाठी पैठणी घेतली. जांभळी, पदरावर मोर. दुकानदार म्हणाला, "शुद्ध पैठणी, ताई, डोळे झाकून घ्या." आईने खरंच डोळे झाकून घेतली. किंमत इथे लिहीत नाही, ती अजून चिडते. तशीच दुसरी बहिणीसाठी घ्यायची होती. शिर्डीला जायचंच होतं, तिथून येवला जवळ. म्हणून आईने नमुना म्हणून ती साडी पिशवीत घातली आणि आम्ही येवल्याला गेलो.

येवला नाशिक जिल्ह्यात, मनमाडच्या दक्षिणेला आहे. इतिहासात हे नाव दोनदा तरी भेटतं: १८५७ च्या लढ्यातले तात्या टोपे मूळचे इथले, आणि १९३५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'मी हिंदू म्हणून मरणार नाही' ही घोषणा केली तीही इथेच. तालुका मात्र कोरडा. पाऊस कमी, विहिरींना उन्हाळ्यात पाणी नाही. कांदा पिकतो, पण कांद्याचा भाव कधी चढेल आणि कधी पडेल हे कुणालाच सांगता येत नाही. अशा ठिकाणी घरात माग असला की काय होतं? पाऊस पडो न पडो, मागावर साडी पुढे सरकते. झिंडेलफिंगेनच्या शेतकऱ्याने जे केलं तेच.

(पैठणीला नाव मिळालं ते पैठणवरून. पैठण गोदावरीच्या काठी, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात. तिथेही पैठणी विणतात. पण विणकरांची मोठी वस्ती आज येवल्यात आणि आसपासच्या खेड्यांत आहे.)

आम्ही एका विणकराच्या घरी गेलो. बाहेरच्या खोलीत दोन माग, आतल्या खोलीत स्वयंपाकघर. फोडणीचा वास आणि मागाचा ठोका एकदमच येत होता. आईने पिशवीतून साडी काढली. त्यांनी पदर हातात घेतला, उलटा केला, एकदाच बघितलं आणि परत नीट घडी घातली. मग हळूच म्हणाले, "मावशी, साडी छान आहे. रेशीमही असेल चांगलं. पण ही हातमागावरची नाही."

आई काही बोलली नाही. मी विचारलं, "कशावरून?"

"मागून बघा."

आता तुमच्याकडे पैठणी असेल तर तिचा पदर उलटा करा आणि पुढचा परिच्छेद सावकाश वाचा.

पैठणीच्या पदरावरचा मोर छापलेला नसतो. तो सुईने भरलेलाही नसतो. कापड विणताना मोरही बरोबरच विणला जातो. मागावर आधी उभे धागे ताणलेले असतात, तो ताणा. त्यातून आडवा धागा जातो, तो बाणा. साध्या कापडात बाण्याचा धागा या काठापासून त्या काठापर्यंत सरळ जातो. पैठणीच्या पदरात तसं होत नाही. मोराच्या मानेला निळा रंग हवा, तर निळ्या रेशमाची वेगळी छोटी कांडी. पिसाऱ्याला हिरवा, तर हिरवी कांडी. चोचीला लाल. अशा कितीतरी कांड्या एकाच ओळीत लोंबत असतात. विणकर ताण्याचे धागे मोजतो, बोटाने उचलतो, कांडी त्यांच्यातून काढतो, शेजारच्या रंगात अडकवतो आणि तिथूनच धागा मागे वळवतो. सगळे रंग झाले की फणी ठोकतो. एक ओळ झाली! भरजरी पदर असेल तर दिवसभरात तो काही बोटंच पुढे सरकतो. म्हणून एका साडीला कधी तीन-चार आठवडे लागतात, कधी कित्येक महिने.

धागा जिथल्या तिथे वळतो, त्यामुळे पदराच्या मागे सुटे धागे राहत नाहीत. मोर पुढून जसा दिसतो, जवळजवळ तसाच मागूनही दिसतो. यंत्रमागावर हे करणं परवडत नाही. तिथे रंगीत धागा लांबवर जातो, हवा तिथे पुढे येतो, नको तिथे मागे लोंबत राहतो. मग ते लोंबणारे धागे कापतात किंवा त्यांच्यावर जाळीचं अस्तर लावतात. आईच्या साडीला जाळी होती. ती जाळी साडी टिकावी म्हणून लावली आहे, असं तिला दुकानात सांगितलं होतं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करतो. जॅकार्ड दिसलं की साडी खोटी, असं सोपं गणित नाही. येवल्यातही काही हातमागांवर नक्षीसाठी जॅकार्ड बसवलेलं असतं आणि माग माणूसच चालवतो. शिवाय यंत्रमागावरची 'सेमी पैठणी' विकणं हा काही गुन्हा नाही. दोन-तीन हजारांत मोराचा पदर मिळतो, ज्यांना महाग साडी परवडत नाही त्यांनी ती का नेसू नये? माझा राग आहे तो सेमी विकताना 'हातमाग' सांगणाऱ्यावर.

आता पैशाकडे वळू. समजा तुमच्या मावशीने एक खरी पैठणी घेतली. तो पैसा कुठे कुठे गेला? रेशीम बरंचसं कर्नाटकातून येतं आणि जर सुरतेहून, म्हणजे काही भाग येवल्याबाहेर गेला. उरलेला गावात फिरतो. रेशीम रंगवणारा आहे. ताणा तयार करणारा आहे. जुन्या ताण्याच्या टोकाला नव्या ताण्याचा एकेक धागा जोडून देणारा माणूस आहे. (हजारो धागे! मी पाहिलं तेव्हा पाच मिनिटांत माझेच डोळे दुखले.) माग दुरुस्त करणारा सुतार आहे. आणि साडी घ्यायला लोक गावात येतात, त्यामुळे चहावाला, जेवणाची खानावळ, रिक्षावाला, सगळ्यांकडे चार पैसे जातात. आम्ही गेलो त्या घरात आजी रहाटावर कांड्या भरत बसल्या होत्या. त्यांची मजुरी किती, असं मी विचारलं. त्या हसल्या. "घरचंच काम ना बाबा." हे घरचंच काम कुठल्याही वहीत लिहिलं जात नाही.

अशा व्यवसायांना आजकाल 'सर्जनशील अर्थव्यवस्था' म्हणतात. शब्द जड आहे, अर्थ साधा आहे: ज्या वस्तूची किंमत तिच्यातल्या कल्पनेमुळे आणि कारागिरीमुळे वाढते, तिच्यावर चालणारा व्यवहार. सिनेमा, संगीत, गेम, कपड्यांचं डिझाइन, हस्तकला, सगळं त्यात येतं. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ हे वर्षच या विषयाला दिलं होतं. जुन्या मराठीत यासाठी एक चांगला शब्द आहे, 'हुन्नर'. हातातलं कसब आणि डोक्यातली कल्पना, दोन्ही त्या एका शब्दात आहेत.

आणि खरी अडचण इथेच आहे. झिंडेलफिंगेनमध्ये मर्सिडीजचे डिझाइनरही बसतात. गाडीची नुसती रेघ काढायचा त्यांना पगार मिळतो. पत्रा ते ठोकत नाहीत. येवल्याचा विणकर रंग ठरवतो, नवी वेल बसवतो आणि साडीही विणतो. पण तो व्यापाऱ्याकडून रेशीम-जर घेऊन मजुरीवर विणत असेल, तर त्याला पैसे मिळतात ते विणल्याचे. म्हणजे हाताचे. डोक्याचे पैसे कोण देतं? त्याने काढलेली नवी नक्षी बाजारात चालली की काही दिवसांत ती यंत्रमागावर आलेली असते. ज्यांच्याकडे स्वतःचं भांडवल आहे ते आपलं रेशीम घेतात, आपल्या नावाने विकतात, फोनवर व्हिडिओ करून थेट गिऱ्हाइकाला साडी दाखवतात. त्यांना डोक्याचे पैसेही मिळतात. माझ्या मते एखादी कला गावाला तारते की नाही, हे कलेच्या सौंदर्यापेक्षा या एका गोष्टीवर जास्त ठरतं. विकताना नाव कोणाचं लागतं?

नावाचं रक्षण करायला कायदा आहे. इथे श्वेबिशे माउल्टाशन खाताना तुम्ही पाकिटावर युरोपियन युनियनचा गोल शिक्का पाहिला असेल. २००९ पासून ते नाव ठरलेल्या प्रदेशातल्या माउल्टाशनलाच लावता येतं. तसंच भारतात 'भौगोलिक मानांकन' असतं आणि पैठणीला ते मिळालेलं आहे. याशिवाय दोन शिक्के ओळखायला शिका. 'सिल्क मार्क' सांगतो की रेशीम शुद्ध आहे. बस, तेवढंच. ते रेशीम यंत्रावर विणलेलं असू शकतं. 'हँडलूम मार्क' सांगतो की कापड हातमागावरचं आहे. आईच्या साडीला सिल्क मार्क होता. दुकानदाराने तोच दाखवून 'शुद्ध' म्हटलं होतं, आणि शब्दाला धरून पाहिलं तर तो खोटं बोलला नव्हता! मराठीत 'शुद्ध' आणि 'अस्सल' यांत फरक आहे तो असा.

आणखी एक गंमत. पैठणी पुन्हा घराघरांत पोचली ती बऱ्याच अंशी टीव्हीमुळे. २००४ साली झी मराठीवर 'होम मिनिस्टर' सुरू झालं. आदेश बांदेकर घरोघरी जायचे, वहिनींशी गप्पा मारायचे, खेळ घ्यायचे आणि जिंकणाऱ्या वहिनींना पैठणी द्यायचे. मी तेव्हा शाळेत होतो, आणि संध्याकाळी आमच्या चाळीत सगळ्या घरांतून एकच आवाज यायचा. पैठणी ही राजेरजवाड्यांची वस्तू होती, ती शेजारच्या काकूंना मिळू शकते असं लोकांना वाटायला लागलं. मागणी वाढली. पण मागणी वाढली की स्वस्त नक्कलही वाढते. म्हणजे एकाच कार्यक्रमाने हातमागाला हात दिला आणि यंत्रमागालाही.

आता आईची गोष्ट पुरी करतो.

आईने त्या विणकरांना बहिणीसाठी राघू रंगाची साडी सांगितली. राघू म्हणजे पोपट, त्याच्यासारखा हिरवा. (पैठणीत रंगांनाही नावं असतात: काळी ती चंद्रकळा, पांढरी ती शिरोदक. काठाला नारळी, पदराला बांगडी मोर, आणि मुनिया नावाचे छोटे पोपट.) निम्मे पैसे दिले. मार्चअखेर साडी तयार होणार होती.

मार्च २०२० मध्ये काय झालं, ते तुम्हाला माहीत आहे. लग्नं थांबली. दुकानं बंद. पैठणी कोणी रोज नेसत नाही, ती लग्नाचीच साडी. लग्न नाही तर पैठणी नाही. पाऊस नसला तरी चालणारा धंदा असा दुसऱ्याच कारणाने ठप्प झाला. एप्रिलमध्ये त्यांचा फोन आला. "मावशी, साडी मागावरून उतरली आहे. तुमचं लग्न पुढे गेलं असेल. घेणार ना? दोन गिऱ्हाइकांनी नाही म्हणून कळवलंय." त्यांच्या घरात तीन तयार साड्या पडून होत्या, सगळा पैसा रेशमात आणि जरीत अडकलेला.

आईने माझ्याकडे विचारलंही नाही. उरलेले पैसे दुसऱ्या दिवशी पाठवून दिले. साडी जुलैमध्ये कुरियरने आली. बहिणीचं लग्न नोव्हेंबरात झालं, घरच्या घरी, मोजकीच माणसं. बहीण राघू पैठणी नेसली होती. आईने आपली जांभळीच नेसली, जाळीसकट. "माझ्या मोराला काय कमी आहे?" असं तिचं म्हणणं होतं.

त्या दिवसापासून आमच्या नातेवाइकांना मात्र एक खोड लागली आहे. बहीण ती साडी नेसून कुठेही गेली, की कोणीतरी येतं आणि तिचा पदर उलटा करून बघतं. ती वैतागते.

शब्दार्थ

माग – कापड विणण्याचं साधन
यंत्रमाग – विजेवर चालणारा माग
ताणा, बाणा – कापडातले उभे धागे, आडवे धागे
कांडी – धागा गुंडाळलेली छोटी नळी
फणी – विणलेला धागा घट्ट ठोकायचं मागावरचं साधन
रहाट – इथे, कांड्या भरायचं हाताने फिरवायचं चाक
जर – सोनेरी किंवा रुपेरी तार (त्यावरून 'भरजरी')
हुन्नर, कसब – हातातलं कौशल्य
मजुरीवर – केलेल्या कामापुरते पैसे घेऊन
ठप्प होणे – पूर्ण बंद पडणे

स्वाध्याय

१. खालच्या वाक्यांत 'माग' किंवा त्यासारखा दिसणारा शब्द आहे. प्रत्येक ठिकाणी अर्थ काय?
अ) आजोबांच्या घरी दोन माग होते. आ) पदर मागून बघा. इ) या रंगाला फार मागणी आहे. ई) पोलिसांनी चोराचा माग काढला.

२. झिंडेलफिंगेनचा जुना शेतकरी आणि येवल्याचा विणकर यांची भेट झाली असती तर ते काय बोलले असते? आठ-दहा वाक्यांचा संवाद लिहा. दोघं एकमेकांना 'तू' म्हणतील की 'तुम्ही', ते आधी ठरवा.

३. दुकानदार खोटं बोलला नव्हता, असं लेखक म्हणतो. तुम्हाला पटतं का? वर्गात तोंडी सांगा.

४. घरी विचारा: आपल्याकडची सगळ्यात जुनी साडी कोणती, ती कोणी, कधी आणि कुठून घेतली? उत्तर ज्या शब्दांत मिळेल त्याच शब्दांत लिहून आणा. बोलीतलं असेल तर तसंच ठेवा, 'शुद्ध' करू नका.